मदतनीसाची वही

वर्गातल्या सगळ्यात वांड पोरीला मॉनिटर करा, आपोआप वळणावर येते. बावीस वर्षं मी हेच करत आलेय आणि शप्पथ सांगते, बहुतेकदा जमतंही. म्हणून शाळेत ‘दादागिरी थांबवा’ उपक्रम आला आणि प्रत्येक वर्गात एक मदतनीस नेमायचा ठरला, तेव्हा सातवीसाठी मी बॉसला निवडलं. पोरी तिला बॉसच म्हणायच्या. मुख्याध्यापकांनी विचारलं, “बाई, नक्की?” मी म्हटलं, “सर, माझ्यावर सोडा.”

पद्धत सोपी होती. कुणी छळलं तर मदतनीसाला सांगायचं, तिने वहीत लिहायचं आणि शनिवारी वही माझ्या टेबलावर यायची.

त्याच वर्गात माझी भाची, दादाची मुलगी. आम्ही एकाच इमारतीत राहतो, ते वर, मी खाली. घरात तिला ठमी म्हणतात. पूर्वी ती बोलायला लागली की कान किटायचे. यंदा मात्र तोंडाला कुलूप आणि डबा जसाच्या तसा परत. वहिनीने विचारलं, मी खोदून खोदून विचारलं, ढिम्म! मला तर रागच यायचा. सख्खी आत्या या उपक्रमाची प्रमुख, आणि पोरगी तिलाच काही सांगत नाही म्हणजे काय!

मंगळवारी सकाळी वहिनीचा रडत फोन आला. ठमीने स्वयंपाकघरातल्या कात्रीने स्वतःची वेणी मुळापासून कापली होती. मी धावत वर गेले.

“हे काय करून बसलीस, बये?”

ती भिंतीकडे बघत म्हणाली, “आता बाकाला बांधता येणार नाही त्यांना.”

मी तशीच शाळेत गेले आणि ती वही काढून वाचली. पहिल्यांदाच वाचली, हो. शनिवारी टेबलावर शंभर-दीडशे वह्या असतात. आम्ही गप्पा मारता मारता तारीख टाकतो, सही ठोकतो, ‘छान’ लिहितो आणि पुढची वही ओढतो. कुठल्याही शिक्षकाला विचारा.

अकरा नोंदी होत्या. अकराही एकोणीस नंबरच्या, म्हणजे ठमीच्या. ‘एकोणीस नंबर उगीच रडते.’ ‘एकोणीस नंबर खोटी तक्रार करते.’ ‘एकोणीस नंबर आत्याच्या जोरावर माज करते, समज दिली.’ प्रत्येकीखाली लाल शाईत माझी सही आणि ‘छान’.

बॉसला बोलावलं. ती जराही घाबरली नाही.

“बाई, तुम्हीच तर दर आठवड्याला छान लिहायचात. मी तिला दाखवायचे पण.”

एक सणसणीत कानाखाली वाजवावीशी वाटली. कुणाच्या, ते मात्र कळेना.

दुपारी दादा ठमीला घेऊन समुपदेशक बाईंकडे आला. तिच्या डोक्याला रुमाल बांधलेला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. खोलीच्या दारातच ठमी अडली.

“मी बोलेन. पण आत्या बाहेर थांबेल.”

मी बाहेर बाकावर बसले. दार पुरतं लागलं नव्हतं. समुपदेशक बाई म्हणाल्या, “बाळा, काय झालं ते सांग. घाई नाही.” मग ठमीचा आवाज आला.

“आधी सांगा, हे लिहून आत्याकडे सहीला नाही ना देणार?”