राहून गेलेलं दीपगृह

जहाज धक्क्याला लागलं तेव्हाच थोरलीचे पाय म्हणत होते, आज नको. पण पायांचं ऐकायची सवय त्या घरात कुणालाच नव्हती. ती जहाजाचा जिना उतरली आणि तिच्या मागे, एक पायरी राखून, धाकटी उतरली.

दोघी जावा. एका सासूच्या हाताखाली नांदल्या, एका चुलीवर रांधलं, आणि नवरे आगेमागे गेल्यावर गाद्या-रजयांचं दुकानही दोघींनीच ओढलं. रजई जमिनीवर पसरायची, थोरलीने या काठाला बसायचं, धाकटीने त्या काठाला, आणि टाके घालत घालत मधोमध भेटायचं. एक आधी पोचली, दुसरी मागे राहिली, असं कधी झालंच नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, या बायका नव्हेत, तराजूची पारडी आहेत.

आता दुकान द्यायचं ठरलं होतं. परत गेलं की थोरली लेकाकडे, धाकटी लेकीकडे. एक शहर पूर्वेला तर एक पश्चिमेला. मुलांनीच ठरवलं, आणि जन्मभर वाकून बसलात, आता जरा जग बघा, असं म्हणत ही जहाजाची सफरही मुलांनीच काढून दिली. जग बघायला थोरलीची ना नव्हती. पण जहाजावर चढल्यापासून तिच्या ओठांवर एक वाक्य अडून बसलं होतं. दुकानामागची खोली अजून आपलीच आहे, तिथेच राहू की दोघी. एवढंच. पण लेकीचं नाव निघालं की धाकटी हसते, हे तिने पाहिलं होतं. बिचारी उभा जन्म माझ्या मागे चालली, आता सुटतेय तर सुटू दे, असं म्हणून ती ते वाक्य गिळायची, आणि ते पुन्हा वर यायचं.

बंदर जुनं होतं. जकातघराच्या दगडांना मिठाने खड्डे पाडले होते. गोदामांच्या भिंतीत गलबतं बांधायच्या लोखंडी कड्या गंजून लोंबत होत्या. ज्यांच्यासाठी त्या ठोकल्या ती गलबतं केव्हाच समुद्राच्या पोटात गेली, कड्या मात्र वाट बघत राहिल्या. धक्क्यावरच्या जुन्या तोफेवर बसून जहाजातली जोडपी फोटो काढत होती. सगळं गावच येणाऱ्या-जाणाऱ्यांना बघून थकल्यासारखं वाटत होतं.

सकाळी चहा पिताना थोरली नकाशा बघून सहज म्हणाली होती की टेकडीवर दीपगृह आहे म्हणे, वरून छान दिसत असेल. धाकटी म्हणाली होती, दिसत असेल की. तेवढ्यावर दीपगृह ठरलं. थोरलीला वाटलं, हिला हौस आहे. मग नाही कशी म्हणायची?

गल्ली चढत गेली. दोन्ही बाजूंनी घरं इतकी जवळ आली की एका खिडकीतली कढई दुसऱ्या खिडकीतून हलवता यावी. ऊन डोक्यावर आलं. थोरलीच्या पोटऱ्यांत गोळे येत होते, पण मागून धाकटीचं गुणगुणणं येत होतं, रजई शिवतानाचं तेच जुनं:

वाट धावते पुढं पुढं, पाय राहिले मागं,
कुठल्या वळणावर घर माझं, वाटे मला सांग गं.

गातेय म्हणजे खुशीत आहे, थोरलीने मनात म्हटलं, आणि पदराने मान पुसून ती आणखी चढली. वळणावर तिने मागे न बघता विचारलं, दमलीस का गं? धाकटी म्हणाली, मी कशाला, तुम्ही दमलात का? थोरली म्हणाली, मला काय धाड भरलीय.

पुढे एका पडक्या गोदामाच्या दारात एक म्हातारा दोर वळत बसला होता. त्याने या दोघींकडे पाहिलं आणि भाषेचा काही संबंध नसताना सगळं ओळखलं. उठून त्याने आपलं स्टूल पुढे सरकवलं. स्टूल एकच होतं.

थोरलीने खूण केली, बस तू. धाकटी म्हणाली, तुम्ही आधी. त्यांच्या घरात थोरली उभी असताना धाकटी बसत नसे, आणि थोरलीने तर मनाशी ठरवलं होतं की आज हिच्या आधी बसायचं नाही. बस गं, बसा ना, बस म्हणते ना, असं बराच वेळ चाललं. म्हातारा एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. मग खांदे उडवून तो स्वतःच स्टुलावर बसला आणि दोर वळू लागला.

दोघींना हसू फुटलं. हसता हसता धाकटीचा तोल गेला आणि तिने भिंत धरली. तेव्हा थोरलीला तिची टाच दिसली. चपलेचा पट्टा रुतून कातडी सोलली होती, पट्टा रक्ताने काळा पडला होता.

"हे कधीपासून?"

"धक्क्यापासून."

"आणि वर गाणी म्हणतेस?"

"गायलं की दुखणं जरा लांब जातं. तुम्हाला दीपगृह बघायचं होतं ना."

"मला? मेलं ते दीपगृह! मी तुझ्यासाठी चढतेय."

थोरली तिथेच उंबऱ्याच्या दगडावर बसली, हात धरून तिने धाकटीलाही शेजारी ओढलं आणि रुमालाने टाच बांधायला घेतली. बांधता बांधता तिच्या मनात काहीतरी उसवत गेलं. तिने विचारलं, रजईच्या वेळीही तू असंच करायचीस?

धाकटीने मान खाली घातली. ती म्हणाली की तुमचा हात बघूनच टाके घालायची, तुम्ही मंदावलात की मीही मंदावायची. पुढे जाऊन तिथे एकटीने काय बसायचं?

थोरलीला एकदम फार थकवा आला, आजच्या चढणीचा नव्हे, सगळ्या वर्षांचा. ही माझा हात बघत आली, मी हिचं हसू बघत आले, आणि दोघींनी मिळून भलतंच काहीतरी शिवून ठेवलं. तिने रुमालाची गाठ मारली आणि पाठ फिरवून समुद्राकडे तोंड करून बसली.

"आता माझं तोंड बघू नकोस. हातही बघू नकोस. लेकीकडे जायचंय का तुला?"

"तुम्ही लेकाकडे जाणार म्हणून..."

"माझं नाही विचारलं. तुझं सांग."

मागे दोर करकरत राहिला. खाली धक्क्यावर जहाज खेळण्यासारखं पांढरं दिसत होतं. थोरली वळली नाही. तिला वाटलं, आता ही 'हो' म्हणाली तर ते ऐकून घ्यायचं, जहाजावर जाऊन झोपायचं, आणि ते वाक्य तोंडातच विरू द्यायचं.

"नाही जायचं," धाकटी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की दोर थांबला असता तर जास्त बरं ऐकू आलं असतं. "तिचं घर चांगलं आहे. पण तिथे मी पाहुणी. मला तुमच्याबरोबर राहायचं होतं. म्हटलं, तुम्हाला नातवंडांत रमायचं असेल."

थोरलीने ते वाक्य अखेर बाहेर काढलं. दुकानामागची खोली. धाकटी म्हणाली, पावसाळ्यात तिथे ओल धरते. थोरली म्हणाली, धरू दे. मुलं रागावतील, धाकटी म्हणाली. थोरलीने कबूल केलं की रागावतील, आपला लेक तर महिनाभर फोन करणार नाही, आणि ते सगळं निस्तरायला अंगात किती बळ उरलंय तेही तिला ठाऊक नव्हतं.

खालून जहाजाचा भोंगा वाजला, परत या म्हणणारा पहिला. थोरली सवयीने उठू लागली.

धाकटीने तिचा पदर धरला. "बसा जरा. माझी टाच ठणकतेय, आणि तुम्ही पण दमलात."

इतक्या वर्षांत धाकटीने सोडलेला हा पहिलाच हुकूम होता. थोरली परत बसली, चपला काढून तिने पाय गार दगडावर टेकवले, आणि खरंच दमले गं, असं म्हणाली.