पांढरी पिन

"सरक तिकडं. तुला काय कळतंय त्यातलं?"

गोपीनाथनं लेकीच्या हातातून वायर हिसकावली. ऋजुता बेचाळीस वर्षांची. मोहालीच्या कंपनीत पन्नास माणसं हाताखाली. सेक्टर त्रेचाळीसमधला हा फ्लॅट तिचा, टीव्ही तिचा. तरी ती सरकली. लहानपणापासून सरकतच आली होती.

टीव्हीवर गोपीनाथची बायको विमल पिंजौरच्या बागेत कारंज्यापाशी उभी होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. तिचा आवाज असलेली एवढी एकच कॅसेट घरात उरली होती. ऋजुताच्या सात वर्षांच्या लेकीनं, पूर्वीनं, आजीला कधी ऐकलंच नव्हतं. आज ऐकवायचंच, म्हणून म्हाताऱ्यानं जुना हँडीकॅम माळ्यावरून काढून टीव्हीच्या होम थिएटरला जोडला होता.

तीस वर्षं एअर फोर्समध्ये रेडिओ दुरुस्त केलेला माणूस. पण दोन तास झाले तरी हे होम थिएटर मुकंच.

"नानाजी, छोड़ो ना यार," पूर्वी कंटाळली.

"चूप बैस!"

शेवटी मोबाईलच्या टॉर्चमध्ये सापडलं.

"आवाजाची पांढरी पिन 'आऊट'च्या भोकात! आत यायचा आवाज बाहेरच्या दारात! कुठल्या गाढवानं घातली?"

"तुम्हीच घातलीत, बाबा."

त्यानं ऐकलं नाही. पिन बदलली, कॅसेट मागं घेतली. कारंजं खळखळलं. विमलनं तोंड उघडलं.

"सरक तिकडं! तुला काय कळतंय? थोबाड बंद ठेव, शूटिंग चाललंय."

कॅमेरा ज्याच्या हातात, माईक त्याच्याच तोंडाशी. पाचही स्पीकरमधून तेव्हाचा गोपीनाथ गरजला. विमल हसली, सरकली. पुढं काहीतरी बोलली, ते त्याच्या शिव्यांखाली गेलं.

"गप म्हटलं ना, म्हशे!"

"मम्मा, नानी को कौन डाँट रहा है?"

गोपीनाथनं पांढरी पिन उपटली.

"वायरच खराब आहे."

"वायर चांगली आहे." ऋजुतानं पिन त्याच्या मुठीतून काढली, परत 'इन'मध्ये बसवली आणि आवाज वाढवला. "बसा, बाबा. अजून चाळीस मिनिटं आहेत."

तो सोफ्याच्या कडेला टेकला. पडद्यावर विमलनं पुन्हा तोंड उघडलं, कॅमेऱ्याकडं बघितलं, आणि मिटलं.