दादाचं हेल्मेट

माझ्या दिराचं डोकं लहान आहे. ही शिवी नव्हे, माप आहे. भुवयांच्या वरून, कानांच्या वरून आणि मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग असतो तिथून फीत फिरवली की त्याचा आकडा लहान येतो. माझ्या नवऱ्याचं डोकं मोठं. तेही मापच, कधीकधी शिवीसुद्धा. दोघे सख्खे भाऊ, एका ताटात जेवून मोठे झालेले, पण डोक्यांनी एकमेकांचं काही ऐकलं नाही.

मी छावणीच्या स्टोअरमध्ये हेल्मेटं देते. देते म्हणजे फळीवरून काढून हातात कोंबत नाही. स्टुलावर बसवते, मापते, आतले पॅड लावते, हनुवटीचा पट्टा बसवते आणि मग डोकं गदागदा हलवायला सांगते. हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, डोकं थांबल्यावर मागाहून नाही. पुढची कड भुवयांच्या वर बोटभर. मग ते घालून तिथेच बसून राहायचं, कारण कुठे टोचतंय ते थोड्या वेळाने कळतं. लोक वैतागतात. वैतागू देत, माझं काय जातंय! वैतागलेलं डोकं शाबूत तरी असतं.

पण आमच्या पलटणीत एक खूळ आहे. जो माणूस मोहिमेवरून अंगावर ओरखडाही न येता परततो आणि पुढच्या खेपेला मागे राहतो, त्याचं हेल्मेट 'पावलेलं' मानतात. तो ते आपल्या पसंतीच्या माणसाच्या डोक्यावर सगळ्यांसमोर ठेवतो आणि वरून एक टपली मारतो. झालं! त्यानंतर त्या हेल्मेटला हात लावायचा नाही. पॅड बदलायचे नाहीत, पट्टा आवळायचा नाही, जसं आलं तसं घालायचं. नाहीतर म्हणे नशीब निघून जातं. आजवर घेणाऱ्याचं आणि देणाऱ्याचं डोकं साधारण जुळत आलं, त्यामुळे माझी नुसती कुरकुर चालायची.

या खेपेला माझ्या नवऱ्याचा गुडघा कामातून गेला आणि डॉक्टरांनी त्याला छावणीतच ठेवून घेतलं. त्याच खेपेला पलटणीबरोबर पहिल्यांदा निघाला तो माझा दीर. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक सुटायचे होते. दुपारी मैदानात टाळ्या वाजल्या, तेव्हाच मी ओळखलं आणि गळ्यात फीत तशीच टाकून बाहेर धावले.

नवऱ्याची टपली बसली, तसं हेल्मेट खाली आलं आणि माझ्या दिराचे डोळे गायब झाले. खाली नुसतं नाक आणि नाकाखाली बावळट हसू. सगळे टाळ्या पिटतायत. माझा नवरा डोळे पुसतोय. माझं डोकंच फिरलं.

"काढ ते," मी म्हणाले.

"वहिनी, आत्ता नको ना," दीर कुजबुजला.

"आत्ताच. नाही काढत? बरं. मग पालथा पड आणि समोर बघ."

वहिनीचा आवाज चढला की तो लहानपणापासून ऐकतो. पडला पालथा. मान वर केली, तशी हेल्मेटची मागची कड पाठीवरच्या पिशवीला अडली आणि पुढची कड नाकावर येऊन बसली.

"काय दिसतंय?"

"माती."

"समोरून कुणी आला तर?"

"...मातीच."

हशा पिकला. तो उठला तेव्हा कान लालबुंद झाले होते. "मी हेच घालणार," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "दादाने दिलंय. तू मध्ये पडू नकोस."

मी मध्ये पडणार नाही तर कोण पडणार? मी त्याच्या डोक्यावरून ते हेल्मेट सरळ उपसून काढलं, काखेत मारलं आणि त्याच्या मनगटाला धरून स्टोअरमध्ये नेलं. दार लावून घेतलं.

आत आल्यावर त्याचा सगळा ताठा उतरला. स्टुलावर बसला आणि बुटांकडे बघत राहिला. "वहिनी, मला भीती वाटते गं," तो म्हणाला. "जेवण जात नाही. सगळे चेष्टा करतात, मी पण करतो, पण आतून पार पाणी झालंय. दादाचं डोक्यावर असलं की वाटतं, दादा आहे."

या पोराची शाळेची पिशवी मी भरून दिलेली आहे. लग्न होऊन आले तेव्हा हा माझ्या कमरेला लागत होता. वाटलं, घाल बाबा, घाल, तुला बरं वाटतंय तर घाल. आणि तसं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

"भीती वाटतेय तर वाटू दे," मी म्हणाले. "तुला वाटते, मलाही वाटते. पण घाबरलेल्या माणसाला डोळे नकोत का? उलट त्यालाच जास्त लागतात."

दार ढकलून नवरा आत आला, लंगडत. मागोमाग सार्जंट.

"तू चारचौघांत माझी लाज काढलीस," नवरा म्हणाला.

"अहो, तुमची लाज पुन्हा मिळेल. याचं डोकं एकच आहे."

"मी त्याच्याबरोबर जाऊ शकत नाही!" त्याचा आवाजच फाटला. "कळतंय का तुला? पहिल्यांदा जातोय तो, आणि मी इथे खुर्चीत बसणार. माझं म्हणून काहीतरी जाऊ दे ना त्याच्याबरोबर. त्या हेल्मेटने मला वाचवलं."

"नशिबाने नाही वाचवलं तुम्हाला," मी म्हणाले. "ते तुमच्या डोक्याचं होतं. मीच बसवलं होतं, याच स्टुलावर, आणि तुम्ही शिव्या देत बसला होतात. याच्या डोक्यावर ते हेल्मेट नाही, झाकण आहे. तुम्हाला भाऊ परत हवाय की हेल्मेट?"

नवरा भिंतीला टेकून गुडघा चोळत राहिला. मला त्याची दया आली, पण दया करायची ती वेळ नव्हती.

सार्जंट पुढे झाला. "बाई, ते परत द्या. पलटणीचा रिवाज आहे. निघायच्या तोंडावर पोरांचा धीर खचेल."

"हेल्मेट स्टोअरचं आहे. मापात बसत नसेल तर मी परत घेते, तेवढा माझा अधिकार आहे. घेतलं."

"मला कॅप्टनसाहेबांकडे जावं लागेल."

"जा की. येताना त्यांनाही घेऊन या. त्यांचंही माप घ्यायचं राहिलंय."

सार्जंटने कपाळाला हात लावला, पण गेला नाही. मी फीत काढली. दिराचं डोकं मापलं, फळीवरून लहान हेल्मेट उतरवलं, आत पॅड लावले. त्याचं डोकं मागे जरा लांबट आहे, म्हणून मागचा पॅड पातळ घेतला. पट्टा बसवला. "हलव." हलवलं. "पालथा पड." पडला. "काय दिसतंय?"

"तुझ्या चपलेचा अंगठा तुटलाय," तो जमिनीवरून म्हणाला, आणि नवरा इतक्या वेळात पहिल्यांदा हसला.

आता दादाचं हेल्मेट टेबलावर मोकळं पडलं होतं. "मग हे कुणाला?" सार्जंटने विचारलं. "पावलेलं हेल्मेट फळीवर ठेवून पलटण निघणार नाही, सांगून ठेवतो."

"ज्याच्या मापाचं असेल त्याला," मी म्हणाले, आणि मागच्या दाराकडे पाहिलं.

तिथे सगळ्यात पुढच्या ट्रकचा ड्रायव्हर पेट्या उचलायला आला होता आणि आम्ही भांडतोय म्हणून बाहेरच थांबला होता. सगळे त्याला पनवती म्हणतात. तोंडावर नाही, पण त्याला ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. दोनदा त्याचा ट्रक स्फोटात सापडला, दोन्ही वेळा बरोबरचे गेले आणि हा एकटा परत आला. तेव्हापासून त्याच्या शेजारी कुणी बसत नाही. काय न्याय आहे बघा! माझा नवरा जिवंत परत आला तर नशीबवान, आणि हा दोनदा जिवंत परत आला तर अपशकुनी. कुणी आपलं हेल्मेट याला देणं शक्यच नव्हतं, आणि नवीन मागायला हा कधी माझ्याकडे आला नाही.

"आत या भाऊ. हेल्मेट काढा," मी म्हणाले.

त्याने काढलं. आत एकही पॅड नव्हता. कुणाचं तरी टाकलेलं मधल्या मापाचं हेल्मेट त्या मोठ्या डोक्यावर बसावं म्हणून त्याने सगळे उपटून टाकले होते. म्हणजे धक्का बसला की थेट कवटीवर! कपाळावर कडेचा लाल वळ उमटलेला. मला रडू यायचं बाकी होतं, त्याऐवजी मी ओरडले, "अहो, सांगायला काय झालं होतं?"

"कुणाला सांगू, ताई?"

"बाई, नको," सार्जंट हळूच म्हणाला. "याला नको. पोरं बिथरतील."

"मला पण नको, ताई," ड्रायव्हर म्हणाला. "पुढे काही झालं तर म्हणतील, याने ते पण नासवलं."

"बसा!" मी म्हणाले. तो बसला. मापायची गरजच नव्हती, पण मापलं. दादाचं हेल्मेट त्याच्या डोक्यावर ठेवलं. दोन पॅड बदलले, सार्जंटच्या डोळ्यांदेखत. पट्टाही आवळला. ते असं बसलं, जणू त्याच्यासाठीच आणलं होतं.

पण द्यायचं होतं माझ्या नवऱ्याने. त्याच्या टपलीशिवाय ते दिलं असं कुणी मानलं नसतं. तो भिंतीपासून सुटला, लंगडत आला, ड्रायव्हरसमोर उभा राहिला. मग त्याने हात उचलला आणि टपली मारली. हलकी नाही, चांगली सणसणीत. ड्रायव्हरने मान खाली घातली आणि तशीच ठेवली.

सकाळी ट्रक रांगेत उभे होते. माणसं चढत होती, बातमी सगळीकडे झालेली होती आणि पुढच्या ट्रककडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. सार्जंट ओरडला, "पुढच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी कोण?" जो तो मागच्या गाड्यांकडे सरकला. मग माझा दीर रांगेतून बाहेर आला, केबिनचं दार उघडलं आणि चढून बसला.

खरं सांगते, आदल्या दिवशी सगळ्यांना अक्कल शिकवणारी मी, माझ्या तोंडात अगदी जिभेवर आलं होतं: अरे, तिथे नको, मागे बस. त्या गाडीत नको. पाय उचललाही होता. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचाही चेहरा पांढराफटक पडला होता, पण तो जागचा हलला नाही.

तेवढ्यात मागच्या ट्रकमधून कुणीतरी हाक मारली, "अहो बाई, तुमच्या पोराला उतरवा ना! पनवतीच्या शेजारी काय बसवताय?"

सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. केबिनमधून ते दोघेही बघत होते, दीर आणि ड्रायव्हर. ड्रायव्हरने तर दार उघडण्यासाठी हातही पुढे केला होता, म्हणजे मी म्हटलंच तर माझ्या दिराला पटकन उतरता यावं.

"नाही उतरणार तो!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले. "त्या माणसाला नावं ठेवायची तर इथे खाली येऊन माझ्या तोंडावर ठेवा. माझा दीर त्याच्याच शेजारी बसेल."

खाली कुणी आलं नाही. ड्रायव्हरने हात मागे घेतला आणि गाडी सुरू केली.