इथलेच शंभर

खाडीतल्या बांगडा माशांची भर समुद्रातल्या बांगड्यांशी सोयरीक होते की नाही, हे शोधणं माझं काम. याला नोकरी म्हणतात, हे माझ्या वडिलांना अजून पटलेलं नाही.

माझी मावशी तीस वर्षं धक्क्यावर मासे निवडते. म्हणून नमुने घ्यायचं काम मी तिच्याच गळ्यात मारलं. शंभर बांगडे, प्रत्येकाच्या पराचा एक तुकडा, प्रत्येक तुकडा वेगळ्या बाटलीत. भर समुद्रातले नमुने माझ्याकडे आधीच होते, तेव्हा “इथलेच घे हं,” असं तिला दोनदा बजावलं.

प्रयोगशाळेत जनुकं तपासली. शंभरच्या शंभर एकाच कुळातले, बाहेरच्यांशी काडीचा संबंध नाही. इतका स्वच्छ निकाल पाहून मला संशय यायला हवा होता. मला आनंद झाला. खाडीतली जमात वेगळी आहे, लहान आहे, असा अहवाल मी ठोकून दिला आणि मत्स्य खात्याने लगोलग तीन वर्षांच्या मासेमारी बंदीचा मसुदा काढला. म्हणजे धक्का बंद, आणि मावशीचं कामही.

तिला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून मी स्वतः गेले. ती बर्फात कोपरापर्यंत हात घालून बसली होती. बाहेरचे मासे इथे येतच नाहीत असं निघालंय, म्हटल्यावर ती हसायलाच लागली.

“अगं, बाहेरचे मीच काढून टाकले. तूच म्हणालीस ना, इथलेच घे.”

मला इथे सापडलेले हवे होते. तिने इथे जन्मलेले दिले. पाहुण्यांची पाठ जरा रुंद असते म्हणे. मला तो फरक आजही दिसत नाही.

अहवाल मागे घेतला. साहेबांनी मावशीच्या नात्यावरून चार शब्द सुनावले, तेही मुकाट ऐकले, कारण मनातून मी खूश होते. बाहेरचे येऊन मिसळत असतील तर बंदी टळणार होती. या वेळी मी स्वतः, जाळ्यातून येतील तसे, शंभर घेतले.

सत्तर पाहुणे निघाले, तीस इथले. दोघांची मिळून झालेली प्रजा एकही नाही. पाहुणे येतात, खातात, जातात. खाडीतले म्हणून आम्ही मोजत होतो ते बहुतेक परकेच होते. मसुद्यात तीन वर्षांची पाच झाली.

पुन्हा मावशीकडे गेले. या वेळी ती हसली नाही.

“तुझे शंभर जमवायला मला चार दिवस लागले,” ती म्हणाली. “पूर्वी सकाळच्या दोन टोपल्यांत निघाले असते.”

मला तिचा राग आला. तेव्हाच का नाही सांगितलंस, असं मी विचारलं.

“सांगितलं असतं तर तू लिहिलं असतंस.”

“हो,” मी म्हणाले. “लिहिलंच असतं.”