आवाज गिळणारी गादी

मित्रांनो, उड्या मारणाऱ्या मुलांच्या पायांखाली जिचा जन्म गेला, अशी मी एक जुनी निळी गादी आहे. कारखान्यातल्या शिंप्याने माझ्या पोटात मऊ फोम भरला, वरून रेक्झीन शिवले आणि पाठीवर थाप मारली. "जा बाई, पोरांना सांभाळ," म्हणाला. ते शब्द मी मंत्रासारखे जपले.

जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये माझे फार लाड झाले. शेजारची चटई पातळ आणि कडक. तिच्यावर कोणी उतरले की धप्प वाजे. माझ्याकडे मात्र झुंबड. "हिच्यावर पडलं तरी आईच्या मांडीवर पडल्यासारखं वाटतं," असे चिमणी म्हणायची. चिमणी म्हणजे सगळ्यांत लहानखुरी आणि सगळ्यांत उंच उडणारी मुलगी.

शिकवणाऱ्या ताईंची एक रीत होती. मुले पुष्कळ, डोळे दोनच. म्हणून एकीच्या पाठीची कमान सावरताना दुसरीची उडी त्या पाठमोऱ्याच, कानांनी तपासत. "आधी चवडे, मग टाचा. गुडघे वाकवा, कंबर मागे, नजर समोर. सगळं अंग मिळून धक्का वाटून घेतं, तेव्हा पाय वाजत नाहीत," त्या सांगत. पाय वाजला नाही, की उडी पास.

इथेच घात झाला. उतरताना चिमणीचा उजवा गुडघा आत वळायचा, धड पुढे कलंडायचे. तिच्या तळव्यांतून मला ते नेमके कळायचे. पण दणका मी पोटात घ्यायची, आवाज बाहेर जाऊच द्यायची नाही. ताई न वळता म्हणायच्या, "छान हं, चिमणे." ती हसायची, आणि मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. सांगणार कशी? गादीला तोंड कुठे?

स्पर्धेची निवड पातळ चटईवर झाली. चिमणी सुरेख उडाली. उतरली, आणि गुडघा आत गेला. पाय धरून ती तिथेच बसली.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. पोरगी पुन्हा उडेल की नाही, डॉक्टरांनाही सांगता येत नव्हते.

"ताई, तुम्ही तर रोज छान म्हणायचात," आई म्हणाली.

"म्हणायचे. बघत नव्हते."

आईने विचारले, "बरी झाली तर बघाल?"

ताईंनी होकारार्थी मान हलवली.

पट्टी सुटली आणि चिमणी परत आली. ताईंनी मला भिंतीकडे सरकवले, चटईपाशी एक बुटके स्टूल ठेवून चिमणीला त्यावर उभे केले, आणि स्वतः माझ्यावर पालथ्या पडल्या. हनुवटी माझ्या कडेवर, डोळे थेट चिमणीच्या गुडघ्यांवर.

"ताई, झोपलात की काय?"

"आत्ता कुठे जागी झालेय. उतर."

धप्प.

"वाजला," चिमणी ओशाळली.

"वाजू दे. गुडघा कुठे गेला?"

"आत."

"पायाच्या बोटांच्या रेषेत ठेव. पुन्हा."

मित्रांनो, उंचावरून पडलात तर माझ्याकडे जरूर या, मी आहेच. पण देवाने दिलेला हा देह कडक जमिनीवर टेकवायलाही शिका. तुमची प्रत्येक चूक जो पोटात घालतो, त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. आणि तुम्ही मोठे होऊन कुणाला शिकवाल, तेव्हा वळून बघा.

ताईंची हनुवटी अजून माझ्यावर टेकलेली आहे. चिमणी पुन्हा स्टुलावर चढली आहे. या वेळी तिचा आवाज गिळायला मी मध्ये नाही.