झाकणावरच्या शाली

मी एक जुना पिठाचा डबा आहे. मित्रांनो, उदगीरच्या एका स्वयंपाकघरात, शेगडीपासून हातभर अंतरावर माझी जागा ठरलेली. नांदेडच्या वाजिदभाईंनी पत्रा ठोकून मला घडवलं, तेव्हा माझं झाकण कसं सपाट होतं. आता त्याला पोचे पडलेत, आणि खरं सांगू का, मी थकलोय.

माझं पोट ज्वारीच्या पिठासाठी, पण झाकणाचं या घरच्या गौरम्मानं टेबल केलं. भाकरी थापून झाल्या, पोरं शाळेत गेली, की ती मांडी घालून माझ्यावर कागद ठेवून लिहायची. मध्येच कुणाला भूक लागली की कागद खाली, झाकण वर. झाकणाच्या आतून तिनं पेपरातले फोटो चिकटवले होते, जगातली मोठमोठी बक्षिसं मिळवलेल्या लेखिकांचे. पिठानं त्यांचे चेहरे पांढरे होत. पदरानं पुसत ती म्हणे, "ह्यांच्या घरी भाकरी कोण थापतंय, कुणास ठाऊक."

मग तिच्या कादंबरीचं भाषांतर झालं आणि तसंच एक बक्षीस तिलाही मिळालं. सत्कारावर सत्कार सुरू झाले. आज लातूर, उद्या बिलोली, परवा अर्धापूर. प्रत्येक शाल घरी आली की माझ्यावर पडे. झाकण उघडेना, म्हणून घरातले पीठसुद्धा पिशवीतून घेऊ लागले. दुसरी कादंबरी अर्ध्यावर राहिली. गौरम्मा दमून यायची, त्या ढिगाकडे बघायची आणि पेन ठेवून द्यायची. मला वाटलं, आम्हा दोघांचंही काम संपलं.

"शालींचं दुकान टाकावं म्हणतो," तिचा नवरा वीरण्णा एकदा म्हणाला.

"टाका. पण आधी हे इथून उचला," गौरम्मा म्हणाली.

तेवढ्यात नांदेडहून सत्काराचा फोन आला. वीरण्णानं फोनवर हात धरला. "गाडी पाठवायलेत. काय सांगू?"

"जमत न्हाई म्हणा."

"लई मोठी माणसं हायत. आजारी हाय म्हणू?"

"आजारी कशापायी? कामावर गेलीय म्हणा."

वीरण्णानं फोनवरचा हात काढला. मग फोनवर म्हणाला, "बाई कामावर गेलीय... कधी सुटंल ते न्हाई सांगता येत."

त्यानं शाली उचलल्या. गौरम्मा खाली बसली. कितीतरी दिवसांनी माझ्यावर नुसत्या कागदाचा भार आला.

मित्रांनो, माझा पत्रा आता फार टिकायचा नाही. एवढंच मागतो. तुमच्या घरी कुणी बाई लिहीत असेल, तर शाल उशिरा दिलीत तरी चालेल, तिची दुपार तेवढी घेऊ नका. भूक लागलीच, तर जरा दम धरा.