पालथा खल

मित्रांनो, मी एक जुना दगडी खल आहे आणि सध्या पालथा आहे. त्यामुळे माझी गोष्ट थोडी जमिनीखालून आल्यासारखी वाटेल. तोंड मातीकडे असलं की सगळ्यांचंच तसं होतं.

भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, एका वाडीत, साळूबाईंचं घर आहे. त्यांच्या सासऱ्यांनी ओढ्यातला काळा दगड निवडून मला घडवून घेतलं. पहिलं वर्षभर माझ्यात नुसते तांदूळ वाटले. वाटलेल्यात कच येणं थांबलं, तेव्हा पहिला अडुळसा पडला. त्याला चाळीस वर्षं झाली. वाडीतली निम्मी माणसं माझ्यातलं चाटण चाटून मोठी झाली आहेत.

साळूबाईंचे दोन नेम होते. रामेठ्याची साल माझ्याजवळ आणायची नाही, हा पहिला. रामेठा विषारी. त्याची साल कुटून डोहात टाकली की मासे उलटे होऊन वर येतात. त्यासाठी ओढ्याकाठी दुसरा दगड होता. आणि खल परक्या हातातून परत आला, तर त्याचं पहिलं धुवण घमेल्यातल्या जिवंत माशांना दाखवायचं, मगच औषध वाटायचं, हा दुसरा.

मग अश्विनी आली. नगरच्या एका कॉलेजात ती औषधी वनस्पतींवर संशोधन करत होती.

"मिक्सरमध्ये पाला तापतो, आजी. गुण कमी होतो. तुमचा खल द्या ना वर्षभर."

"का गं, तुमच्या कालिजात एक दगड न्हाई?"

"आहेत. पण ते अजून शिकाऊ आहेत."

साळूबाई हसल्या. त्या हसण्यातच मी घराबाहेर गेलो.

"ने. पर औषदाचा पाला सोडून यात काय वाटायचं न्हाई. रामेठा तर बिलकुल न्हाई. माझी नात, रुपाली, याच्यातलंच चाटती."

अश्विनीने गळ्याला हात लावला. "शप्पथ, आजी."

प्रयोगशाळेत माझी जागा खिडकीपाशी होती. अश्विनी मला मऊ फडक्याने पुसायची. आल्या आल्या मलाच साळूआजी म्हणून हाक मारायची, "काय साळूआजी, झोप झाली का?" मित्रांनो, मला ती आवडायची. हे सांगताना आता जड जातं.

तिचे मार्गदर्शक राधाकृष्ण सर एके दिवशी म्हणाले, "अडुळशावर सगळ्यांनी लिहून झालंय. रामेठा घे. डासांच्या अळ्यांवर बघ काय होतं ते."

"त्याला वेगळा खल लागेल, सर."

"मागवलाय, येईल. तोवर हा आहे की. दगडाला काय कळतंय!"

अश्विनीने माझ्याकडे पाहिलं. मग बत्ता उचलला.

महिनाभर तिने माझ्यात साल कुटली. नवा खल आला, पण तो कपाटातच राहिला, कारण माझ्यात साल बारीक होत होती. मग एका काचेच्या टाकीत अळ्या आणि दुसरीत गप्पी मासे ठेवून तिने दोन्हींत अर्क टाकला. जेवणाची सुट्टी संपायच्या आत दोन्ही टाक्या शांत झाल्या. वही माझ्यासमोरच उघडी होती. तिने लिहिलं:

डासांच्या अळ्या: सगळ्या मेल्या.
गप्पी मासे:

ही रिकामी जागा माझी नाही. मी फक्त ती तुमच्यापर्यंत आणली आहे.

"माशांचं पुढच्या वेळी बघू," सर म्हणाले. "आत्ता लिहिलंस तर सगळंच अडकेल."

पुढे भिंतीवर मोठा तक्ता लागला. 'डासांवर वनस्पतींचा उपाय. पाण्यातल्या इतर जीवांना निर्धोक.' त्याखाली माझा फोटो आणि ओळ, 'आपल्या परंपरेचा ठेवा'. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक माझं त्या दिवशी झालं.

गेल्या महिन्यात अश्विनी मला परत घेऊन आली. सोबत साळूबाईंसाठी शाल होती. आत रुपाली खोकत होती.

"बरं झालं आनलास," साळूबाई म्हणाल्या. "चार दिस झालं, पोरीला ढास हाय. तू च्या घे, मी चाटण करते."

अश्विनीने तोंड उघडलं. मी वाट पाहिली. दगडाला वाट पाहणं चांगलं जमतं.

"आजी, आज राहू द्या ना. मी खोकल्याचं औषध आणलंय."

"ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी."

तिने फोनवर बसची वेळ पाहिली.

साळूबाईंनी ओढ्यातले बोटाएवढे चार मासे घमेल्यात आणले. मला धुतलं आणि ते पाणी घमेल्यात सोडलं. मासे गरगर फिरले. एक कुशीवर झाला. मग दुसरा.

"काय वाटलंस यात?"

"तीन वेळा धुतला होता, आजी. स्पिरिटने."

"किती धुतला ते न्हाई इचारलं."

"...रामेठा."

"आन मासं मरत्यात, ठावं हुतं तुला?"

"हो. तिथेही मेले होते."

"मंग ल्हिलंस का तसं?"

अश्विनी घमेल्याकडे पाहत राहिली. ती रिकामी जागा मी लगेच ओळखली.

साळूबाईंनी शालीची घडी न मोडता ती तिच्या हातात परत दिली. रुपालीचा अडुळसा शेजारच्या राहीबाईंच्या पाट्यावर वाटला. मग साळूबाईंनी मला दोन्ही हातांनी उचललं, थोडा वेळ पोटाशी धरलं आणि दाराबाहेर पालथं ठेवलं. चुकूनही कुणी माझ्यात काही वाटू नये म्हणून. आता माझ्यावर कोंबडी बसते.

मित्रांनो, मागून आणलेली वस्तू जपावी, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. माझं मागणं त्याहून लहान आहे. तुमच्या टाकीतले मासे मेले, तर 'मासे मेले' असं लिहा. दोनच शब्द आहेत. अश्विनीने ते वहीत लिहिले असते, निदान त्या अंगणात आपणहून उच्चारले असते, तर तिच्या शब्दावर विश्वास ठेवून साळूबाईंनी मला रामेठा कुटायला ओढ्याकाठच्या त्या दुसऱ्या दगडाशेजारी ठेवलं असतं. औषध मला पुन्हा मिळालं नसतंच. पण मी सुलटा असतो.